आग्रहाचे बळी

रोपवाटिकेतला माणूस झाड हातात देताना एक वाक्य हमखास म्हणतो. “याला काही लागत नाही, ताई. आठवड्यातून एकदा पाणी घालायचं, बस.” पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं जानेवारीचं पुष्पप्रदर्शन असो, उरुळी कांचनच्या रोपवाटिका असोत की दादरचा फुटपाथ, या वाक्यात काना-मात्रेचा फरक पडत नाही. त्यातला पूर्वार्ध बऱ्यापैकी खरा आहे. खिडकीतली सक्युलंट मरतात ती उत्तरार्धामुळे.

आठवडा म्हणजे नेमका कुठला, हे त्याने सांगितलेलं नसतं आणि ताईंनी विचारलेलं नसतं. नागपुरातला मे महिन्यातला आठवडा वेगळा, रत्नागिरीतला जुलैचा वेगळा. पहिल्यात माती खडखडीत होते, दुसऱ्यात कंपाउंडच्या भिंतीलाही शेवाळ धरतं. शिवाय ‘एकदा’ हा शब्द एकत्र कुटुंबाला कसा लावायचा, हा प्रश्न उरतोच. सोमवारी आजी तुळशीला पाणी घालून तांब्यात उरलेलं या नव्या पाहुणीला देतात. बुधवारी आजोबा फिरून येतात आणि ‘कुणाचं लक्षच नाही’ असं पुटपुटत फुलपात्र रिकामं करतात. शुक्रवारी कामाच्या मावशी खिडकी पुसता पुसता चार थेंब शिंपडतात. शनिवारी नातीचा शाळेचा प्रकल्प असतो. आणि रविवारी, ज्यांनी झाड आणलं त्या ताई स्वतः, रोपवाटिकावाल्याच्या शब्दाला जागून. प्रत्येकाने आठवड्यातून एकदाच घातलेलं असतं.

मराठी घरात माया दाखवायची रीत पंगतीची आहे. पाहुण्याचं ‘पुरे’ मनावर घ्यायचं नसतं. पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून जिलबी वाढायची असते. माणूस निदान उठून हात धुवायला तरी जाऊ शकतो. कुंडीतल्या जेडला तीही सोय नाही.

झाडाचं ‘पुरे’ ओळखायला मात्र जरा नजर लागते. तहानलेल्या सक्युलंटचं पान पातळ होतं, सुरकुततं, बोटांत धरलं तर वाकतं, आणि सगळ्यात खालची पानं वाळून कुरकुरीत होतात. जास्त प्यायलेल्याचं पान पिवळट पडतं, आरपार दिसू लागतं, मऊ होतं आणि नुसता धक्का लागला तरी निखळतं. पुढे खोड बुडापाशी काळं पडतं. इथवर सगळं सरळ आहे. खरी गंमत तिसऱ्या अवस्थेत आहे. कुंडीत पाणी साचून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही, मूळकूज सुरू होते, आणि कुजलेली मुळं पाणी वर ओढू शकत नाहीत. मग कुंडी चिंब ओली आणि झाड तहानेने सुरकुतलेलं, असा प्रकार होतो. सुरकुत्या बघून घरातल्यांच्या पोटात तुटतं आणि आणखी एक तांब्या ओतला जातो. अखेरच्या घटकेला पाणी पाजायची आपली परंपरा आहेच.

यावर उपाय फुकटचा आहे आणि देवघरात पडलेला आहे. उदबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसायची, पाच मिनिटांनी काढायची. काडीला ओली माती चिकटून आली तर हात मागे घ्यायचा. ज्यांना एवढीही यातायात नको त्यांनी कुंडी उचलून बघावी. कोरडी कुंडी हाताला चटकन हलकी लागते. हे दोन्ही प्रयोग लोक आनंदाने करतात. काडी ओली निघाली, तरी ‘आता एवढं उठलोच आहोत तर’ म्हणून थोडं पाणी घालतात.

कुंडीचाही यात मोठा हात असतो. आजकाल सक्युलंट विकत कमी घेतलं जातं आणि भेट जास्त मिळतं. वाढदिवसाचं रिटर्न गिफ्ट, ऑफिसची दिवाळी भेट, गृहप्रवेशाची आठवण. ते येतं चिनी मातीच्या कपात, हत्तीच्या पाठीत किंवा ध्यानस्थ बुद्धाच्या डोक्यात. वरून पांढरे खडे गोंदाने घट्ट बसवलेले. आत काय चाललं आहे ते दिसायची सोय नाही आणि तळाला भोक नाही. म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडणार ते फक्त झाड पिईल तेवढं, आणि या झाडाचा तर पिण्यावरच विश्वास नाही.

भोक नसेल तर तळाला खडे घाला, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कानाला तो पटतो. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांच्या थरात सहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते वरच अडून राहतं. त्यामुळे खड्यांनी एवढंच होतं की ओल दोन इंच वर, मुळांच्या अधिक जवळ सरकते. हा मातीच्या भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे आणि काकांना तो मान्य नाही. काका ड्रिल मशीन काढतात. भोक पाडणं हा उपाय खरोखरच योग्य आहे. फक्त त्यासाठी टाइलचं बिट लागतं, जागा ओली ठेवावी लागते आणि यंत्राचं ठोकायचं बटण बंद असावं लागतं. काका ते चालू ठेवतात. बुद्धाच्या डोक्याचे तीन तुकडे होतात आणि झाड नाइलाजाने एका फुटक्या मातीच्या कुंडीत लावलं जातं. तिथे ते बरं होतं.

मातीबद्दल स्वयंपाकघराच्या उलटा न्याय लागतो. वाळू चाळायची, पण चाळणीतून खाली पडलेली बारीक फेकून वरची जाडी ठेवायची. बारीक वाळू मातीतल्या पोकळ्या बुजवते आणि मिश्रण जवळपास सिमेंटच्या वाटेला लागतं. जाडी वाळू, विटांचे बारीक तुकडे, थोडा लोणारी कोळसा, मिळालं तर पर्लाइट, असं सगळं मिळून निम्म्याहून जास्त आणि उरलेली माती व खत, एवढ्यावर भागतं. रोपवाटिकेतून झाड बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये येतं, कारण ते हलकं पडतं. कोकोपीट ओलं असेपर्यंत ओलंच राहतं आणि एकदा कडक सुकलं की वरचं पाणी आत न घेता कडेने खाली सोडून देतं. घरी आणल्यावर माती बदला, असं कुणी सांगितलं तर आजी म्हणतात, “आल्या आल्या लगेच कपडे कशाला उतरवता तिचे? रुळू दे जरा.”

आता पावसाकडे वळायला हवं, कारण इथे झाडाची आणि आपली गावंच जुळत नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या ज्या कारू प्रदेशातून ही कितीतरी मंडळी आली, तिथल्या सक्युलंटच्या मुलखात वर्षाकाठी साधारण शंभर ते दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला. म्हणजे कारूच्या झाडाला जो पाऊस पाच वर्षांत पुरवून पुरवून वापरायचा असतो, तो मुंबईने एका दिवसात पोचता केला.

पण सगळा दोष पावसावर टाकता येत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच सह्याद्रीत आहे. जुन्नरच्या परिसरात कड्याकपारींवर शिंदळ माकुडी नावाची एक अस्सल महाराष्ट्रीय सक्युलंट वाढते. एकोणिसाव्या शतकात डॅलझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची नोंद केली आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिलं. ही बाई चार महिने मोसमी पाऊस अंगावर घेते, पानं फुलवते, लालसर-पिवळी चांदणीसारखी फुलं धरते. मात्र राहते उभ्या कड्याच्या भेगेत, जिथे पाणी येतं आणि क्षणभरही न थांबता खाली जातं. तिचं आणखी एक वैशिष्ट्य असं की कोरड्या दिवसांत ती सगळी पानं गाळून नुसत्या काड्यांवर बसते. हीच दुर्मीळ वनस्पती एखाद्या फ्लॅटच्या खिडकीत असती, तर डिसेंबरात पहिलं पान गळताच तिच्या कुंडीत काय काय ओतलं गेलं असतं, याची कल्पना करवत नाही. कड्यावर राहण्यात तिचं शहाणपण आहे.

याच्या अगदी उलट टोकाला दाराची कोरफड आहे. अनेक दुकानांच्या आणि घरांच्या दारावर नजर लागू नये म्हणून कोरफडीचा गड्डा काळ्या दोऱ्याने उलटा टांगलेला असतो. माती नाही, कुंडी नाही, खत नाही. कुणी तिला पाणी घालत नाही, कारण स्टुलावर चढायचा कंटाळा. ती महिनोन्महिने जगते. बुडाकडून वर वळून वाढते. कधी कधी तिला फुलांचा दांडाही येतो. त्याच दारातून आत गेलं की बैठकीच्या टीपॉयवर ‘स्पेशल मिक्स’ मातीत, रोज फवारा मारलेली दुसरी कोरफड बुडातून कुजत बसलेली आढळते. घरातल्यांना या दोन गोष्टींत काही संबंध दिसत नाही. बाहेरचीला देव राखतो, आतलीला आपण.

ही झाडं एवढ्या कमी पाण्यावर का राहतात, याचा एक धागा भारतात सापडला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात असलेले बेंजामिन हायने नावाचे एक जर्मन वनस्पतिज्ञ पानफुटीची पानं चावून बघत. एकदा नव्हे, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. सकाळी पान आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळी किंचित कडवट, हे त्यांनी पत्राने लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं आणि ते 1815 साली छापून आलं. घरच्यांना त्या काळात हायने साहेबांबद्दल काय वाटलं असेल ते असो, पण त्यांची जीभ खरं सांगत होती. इतर झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्यात पाणी गमावतात. पानफुटीच्या कुळातली आणि तिच्यासारखी अनेक सक्युलंट छिद्रं रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून घेऊन उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतात. रात्रभर साठलेलं आम्ल म्हणून सकाळी आंबट. मराठी शाळकरी मुलांनी ही पानफुटी वहीत घालून तिच्या कडेला फुटणारे कोंब पिढ्यानपिढ्या पाहिले आहेत. चावून मात्र कुणी बघितलं नाही, नाहीतर शोध आपल्या नावावर असता.

या रात्रपाळीवरून व्हॉट्सॲपवर एक समजूत फिरते की स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतं, म्हणून ते उशाशी ठेवावं. ते रात्री कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं. ऑक्सिजन मात्र प्रकाश असतानाच तयार होतो. सोबत नेहमी ‘नासाने सिद्ध केलं आहे’ हे असतंच. नासाचा 1989 चा अभ्यास हवाबंद पेट्यांमधला होता. 2019 मध्ये अशा सगळ्या अभ्यासांची फेरतपासणी झाली तेव्हा हिशेब निघाला की खेळत्या हवेइतकं काम कुंड्यांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. दहा बाय बाराच्या खोलीत अगदी दहाच्या हिशेबाने शंभरावर कुंड्या झाल्या. मग माणसाने झोपायचं जिन्यात.

जिन्यात तसं झाड आधीच असतं. ‘काटेरी घरात नको’ हा वास्तूचा नियम निघाला की निवडुंग दाराबाहेर जातो आणि काळोख्या वळणावर बसतो. तिथे उजेड नसल्यामुळे तो शेंड्याकडून फिकट आणि बारीक होत वर ताणला जातो. एचेव्हेरिया असेल तर तिचं बसकं, घट्ट गुलाबपुष्प सैल होऊन पानापानांत बोटबोट अंतर पडतं. प्रकाश शोधणाऱ्या झाडाची ही ओढाताण असते. घरात तिचं स्वागत वेगळ्या शब्दांत होतं. “बघा, किती उंच झालं! आणलं तेव्हा एवढंसं होतं.” शेजारीण म्हणते, तुमच्या हाताला गुण आहे.

मग कुणीतरी जाणतं माणूस सांगतं की याला ऊन हवं, आणि तेच झाड एप्रिलच्या दुपारी एकदम गच्चीवर जातं. दोन दिवसांत पानांवर पांढुरके, तपकिरी चट्टे उठतात. हे भाजलेले डाग त्या पानावर कायमचे. ते गळून नवी पानं येईपर्यंत तसेच राहणार. आधी सकाळचं कोवळं ऊन, तेही थोडं थोडं, मग आठवडाभराने जास्त, असं करायला हवं होतं. विदर्भातली गोष्ट आणखी निराळी. तिथे झाड उन्हापासून वाचवायला आत घेतात आणि खिडकीत कूलर असतो. दिवसभर त्याची ओली हवा अंगावर घेत, वाळवंटातलं झाड पावसाळ्याआधीच पावसाळा भोगतं.

एचेव्हेरियाच्या पानांवर जी पांढरी भुकटी असते ती धूळ नव्हे. ते मेण आहे, झाडाने स्वतःच बनवलेलं. ऊन परतवायला आणि ओल आत राखायला. एकदा पुसलं की त्या पानावर ते पुन्हा येत नाही. दिवाळीच्या साफसफाईत ते ओल्या फडक्याने पुसलं जातं आणि नंतर चकाकी यावी म्हणून खोबरेल तेलाचं बोट फिरतं. अभ्यंगस्नानातून सुटका कुणाचीच नाही.

बरीचशी एचेव्हेरिया आपल्याकडे येतात कालिंपोंगच्या रोपवाटिकांतून, कुरिअरने, मुळांची माती झटकून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. कालिंपोंग समुद्रसपाटीपासून साधारण साडेबाराशे मीटरवर आहे. रात्री तिथे गारवा असतो आणि या मूळच्या मेक्सिकन डोंगराळ झाडांना तो मानवतो. खोका उघडतो ठाण्यात, जूनमध्ये. प्रवासाने सुकलेली मुळं बघून घर हळहळतं. खरं तर तिला सावलीत कोरड्या मातीत चार-सहा दिवस नुसतं बसू द्यायचं असतं, म्हणजे तुटलेल्या मुळांच्या जखमा बुजतात. पण इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही, हे कुठल्या मराठी घराला जमेल?

झाड आजारी पडलं की त्याचा फोटो ग्रुपवर जातो. फोटोत सोफा असतो, पडदा असतो, नातवाचा पाय असतो आणि कोपऱ्यात अस्पष्टशी कुंडी. “काय झालं असेल?” दहा मिनिटांत निदानांचा पाऊस. पाणी कमी. पाणी जास्त. कॅल्शियम कमी. दृष्ट लागली. जागा बदला. आमच्याकडेही असंच झालं होतं, मग मेलं. उपाय सगळे ओट्यावरून येतात: चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, कांद्याच्या सालींचं पाणी, केळ्याची सालं, अंड्याची टरफलं, आंबट ताक. रोपाच्या भल्यासाठी सुचवलेल्या या यादीत घरात फेकून द्यायचं नाही असं एकही नसतं. चोथा मातीवर ओला थर धरतो, त्यावर बुरशी येते आणि मग चिलटं. चिलटांसाठी नवा फोटो.

काही वेळा रोग खराच असतो आणि त्याकडेच नेमकं दुर्लक्ष होतं. पानांच्या बेचक्यात कापसाचे बारीक पुंजके दिसले की तो पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस पितो, गोड चिकट पाणी सोडतो आणि त्या गोडाला आलेल्या मुंग्या त्याचं रक्षण करतात, प्रसंगी त्याची पिल्लं दुसऱ्या कुंडीत पोचवतात. कानकोरणीचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपायचा, दर आठ दिवसांनी पुन्हा बघायचं, मुंग्यांची वाट तोडायची, कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवायची. हा खरा उद्योग. मुळांवरही याचा एक भाऊ असतो, तो कुंडीतून झाड काढल्याशिवाय दिसत नाही. हात शिवशिवणाऱ्यांनी इथे खुशाल हात चालवावेत, पण नेमकं इथेच ‘बाई गं, किडे’ म्हणून कुंडी शेजाऱ्यांना भेट दिली जाते.

या किड्याच्या नात्यातल्या एकाने हिंदुस्थानात मोठीच उलथापालथ केली आहे. किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा इथे पाळावा अशी ईस्ट इंडिया कंपनीची फार इच्छा होती, आणि त्याला खायला लागतो निवडुंग. 1795 साली ब्राझीलहून एका कप्तानाने किडा आणला. तो निघाला दुसऱ्याच जातीचा. रंग त्याने हलक्या प्रतीचा दिला, मात्र निवडुंग असा काही खाल्ला की दक्षिणेत माजलेली निवडुंगाची एक जात त्याने जवळपास साफ केली. किड्याकरवी तण मारण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या यशस्वी उदाहरणांत हे आजही मोजलं जातं. सरकारी खात्याची चूक एवढी फळाला आल्याची उदाहरणं कमी.

सगळ्याच सुरकुत्या रोगाच्या नसतात, हे लिथॉप्स पाळणाऱ्याला सगळ्यात महागात शिकावं लागतं. दगडासारखं दिसणारं हे झाड. विल्यम बर्चेल या प्रवाशाने 1811 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गोटा समजून उचललं तेव्हा कळलं की हे जिवंत आहे. दोनच जाड पानं असतात. वर्षातून एकदा त्यांच्या फटीतून नवी जोडी येते आणि जुनी जोडी आपलं सगळं पाणी नव्यांना देऊन वाळत जाते. त्या काळात पाण्याचा थेंबही द्यायचा नसतो. नाहीतर जुनी पानं पाणी पिऊन पुन्हा टवटवीत होतात आणि नव्यांना जागाच सोडत नाहीत. घरातली वडीलधारी मंडळी या भागाशी अजिबात सहमत होत नाहीत.

आणि जेड. आपल्याकडे जेड म्हणून जे बारीक पानांचं झाड सर्रास मिळतं ते बहुतेक वेळा पोर्चुलॅकारिया असतं. दक्षिण आफ्रिकेत त्याचं गाव आहे आणि तिथले हत्ती ते आवडीने खातात. खाताना मोडून पडलेल्या फांद्यांना मुळं फुटतात आणि रान आणखी वाढतं. हत्तींना पुरून उरलेलं हे झाड डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर तीन महिन्यांत जातं. लक्ष्मी येते म्हणून आणलेलं असल्याने त्याचं जाणं कुणी उघड बोलत नाही. रात्री गुपचूप विसर्जन होतं आणि सकाळी तशाच कुंडीत तसंच दुसरं दिसतं.

गौरी-गणपतीला घर कोकणात जातं तेव्हा किल्ली शेजारी राहते. “झाडांना जरा बघा हं.” शेजारी जबाबदार माणूस असतो. दहा दिवस, दोन्ही वेळ, बघतो. जास्वंद, मोगरा, तुळस त्याला दुवा देतात. खिडकीतली सहा सक्युलंट परतल्यावर सहा वाट्या आमटीच्या रूपात सापडतात. आभार मानून त्याला खाजा आणि आमसुलं द्यावीच लागतात.

बुडातून कुजलेलं झाडही पुष्कळदा वाचतं, मात्र त्याला मुंडकं छाटायची तयारी लागते. धारदार, स्वच्छ सुरीने वर वर कापत जायचं. खोडाच्या काप्यात काळा-तपकिरी ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. कापलेला शेंडा सावलीत नुसता ठेवायचा, चार दिवस, आठ दिवस, काप बुजून कोरडा होईपर्यंत. मग कोरड्या मातीवर. पाणी त्यानंतर. कापायला घरात उत्साह असतो, हळद लावायला त्याहून असतो. ठेवून द्यायला कुणी तयार नसतं. संध्याकाळपर्यंत शेंडा काचेच्या ग्लासात पाण्यात उभा असतो आणि ग्लास ओट्यावर असतो. त्याच वेळी झाडाची गळलेली दोन पानं खिडकीच्या खोबणीत, धुळीत, सगळ्यांच्या नजरेआड पडून असतात आणि त्यांना गुलाबी मुळं फुटलेली असतात.

सगळ्यात लोकप्रिय फसगत लाल-पिवळ्या चेंडूच्या निवडुंगाची. जपानमध्ये गेल्या शतकात निवडुंगाच्या रोपांत हरितद्रव्य नसलेली लालभडक रोपं निघाली. स्वतःचं अन्न त्यांना करता येत नाही, म्हणून ती दुसऱ्या हिरव्या खोडावर कलम करून जगवतात. आपल्याकडे रोपवाटिकेत मिळणारा ‘मून कॅक्टस’ तो हाच. खालचं तीनधारी हिरवं खोड बहुधा ड्रॅगन फ्रूटचं असतं. वरचा चेंडू काही वर्षांत, आपल्या खास पाहुणचारात काही महिन्यांत, मऊ होऊन गळतो. खोड मात्र नव्या जोमाने फुटवे काढतं. कुणीतरी सांगतं की हे तर सांगली-सोलापूरकडे लोक शेतात लावतात, आणि घराचा दुःखाचा सूर एकदम पालटतो.

पुण्यातल्या एका सोसायटीत असं खोड एका बिऱ्हाडाने गच्चीवर नेलं. त्याला चढायला सिमेंटचा खांब आणि वर कडं लागतं, शेतातही तसंच करतात, हे रीतसर अर्जात लिहिलं. वरच्या मजल्यावरच्यांनी गळतीचा मुद्दा काढला. सेक्रेटरींनी वॉटरप्रूफिंगची गॅरंटी कुठपर्यंत आहे ते वाचून दाखवलं. खांबाला तत्त्वतः मंजुरी मिळत आली होती. पण पुढे धरणारी फळं फ्लॅटमागे सारखी वाटायची की मेंटेनन्ससारखी चौरस फुटांवर, यावर दीड तास गेला आणि सभा तहकूब झाली.